स्क्रॅचचा मिक्सर घेऊन कार्यक्रमाला निघण्यापूर्वी

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मिक्सर टेबलावर घ्या आणि पहिला हात क्रॉसफेडरला, म्हणजे दोन चॅनलचा आवाज कापणाऱ्या आडव्या सरकपट्टीला, लावा. ईक्यू, इफेक्ट, पॅड यांचं नंतर बघू. स्क्रॅच करणाऱ्याचं, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे करून आवाज काढणाऱ्याचं, निम्मं काम या फेडरच्या दोन टोकांपाशी, जेमतेम एका मिलिमीटरच्या पट्ट्यात चालतं. तिथे गडबड असेल तर बाकीचा मिक्सर कितीही महागाचा असो, उपयोग नाही. एका चॅनलवर सलग आवाजाची फाइल लावा. १ किलोहर्ट्झचा सूर उत्तम, नाहीतर लांबवलेला ‘आह’ चालेल. फेडर पूर्ण बंद बाजूला न्या आणि हेडफोन मास्टरवर ठेवून आवाज वाढवा. पूर्ण शांतता हवी. बारीक आवाज झिरपत असेल तर फेडर झिजलाय, मळलाय किंवा त्याचं कॅलिब्रेशन सरकलंय. मग नखाने ढकलत ढकलत फेडर उघडा आणि आवाज नेमका कुठे फुटतो ते बघा. दहा वेळा केलं तर दहाही वेळा तीच जागा यायला हवी. हीच परीक्षा दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या चॅनलवर.

आवाज फुटण्याआधीच्या या अंतराला कट-इन किंवा कट लॅग म्हणतात. हल्लीच्या बहुतेक बॅटल (स्क्रॅचसाठीच्या) मिक्सरवर, म्हणजे पायोनियर डीजेएम-एस७, एस११ किंवा रेन सेव्हन्टी यांच्या जातीच्या यंत्रांवर, ते सेटिंगमध्ये कमीजास्त करता येतं. सगळ्यात कमी ठेवणं म्हणजे सगळ्यात चांगलं, हा नवशिक्यांचा आवडता गैरसमज. फ्लेअर (उघडा आवाज फेडरने झटकन बंद-उघड करत कापणं) मारताना फेडर भिंतीवर आपटून किंचित उसळतो. अंतर फारच कमी असलं तर त्या उसळीत चॅनल पुन्हा उघडतो आणि दोन कापांच्या मध्ये घाण ऐकू येते. अंतर जास्त ठेवलं तर क्रॅबमध्ये (बोटं एकामागून एक फेडरवर झरझर मारणं) चार बोटांपैकी दोनच बोटांचे काप उमटतात. एकाच मिनिटाचा सराव रेकॉर्ड करून ऐका. हाताला बरं वाटतं आणि कानाला बरं वाटतं, यातलं कानाचं ऐका. कर्व्ह, म्हणजे फेडर सरकताना आवाज किती झपाट्याने चढतो ते, स्क्रॅचसाठी टोकाचा तीक्ष्ण हवा, पण सेटमध्ये मिक्सिंगचा भाग असेल तर चॅनल फेडरचा कर्व्ह थोडा मवाळ ठेवा, म्हणजे क्रॉसफेडरला हात न लावता गाणं बदलता येतं.

रिव्हर्सची बटणं आत्ताच बघून घ्या. मिक्सर दुसऱ्या कुणाच्या हातातून आला असेल तर हॅमस्टर, म्हणजे उलटा क्रॉसफेडर, चालू राहिलेलं असतं. (कॅलिफोर्नियातल्या बुलेटप्रूफ स्क्रॅच हॅमस्टर्स या गटाचे डीजे उलटा फेडर वापरायचे, त्यावरून हे नाव पडलं.) क्रॉसफेडरचा रिव्हर्स लगेच कळतो, चॅनल फेडरचा रिव्हर्स मात्र मंचावर पहिला फेडर खाली ओढल्यावर कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

साफसफाईबद्दल एकच सूचना, पण ती कडक. गंज सोडवायचे घरगुती स्प्रे फेडरमध्ये मारू नका. त्यांनी आतलं मूळचं वंगण धुऊन जातं, मागे चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट खरखर सुरू होते. कार्बन पट्टीच्या फेडरसाठी फेडरचंच क्लीनर मिळतं, ते वापरा. चुंबकीय फेडरमध्ये घासणारा संपर्कच नसतो, त्यामुळे तिथे खरखर आली तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. अडखळत असेल तर दांड्या पुसून हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. गोव्यात किंवा कोकणपट्टीत समुद्राजवळ वाजवून आल्यावर वाळू आणि खारी हवा फेडरच्या फटीत शिरलेली असते, तेव्हा ही तपासणी दर वेळी करावी. सोबत एक जादा क्रॉसफेडर आणि त्याच्या स्क्रूला बसणारा स्क्रूड्रायव्हर ठेवा. बदलायची रंगीत तालीम घरीच करा: वीज बंद, नॉब ओढून काढा, पट्टीचे स्क्रू, मग आतली चपटी केबल तिच्या प्लगला धरून सोडवा, तारेला धरून नाही. पाच मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर पुन्हा करा.

आता सुई. ऑर्टोफोन कॉन्कॉर्ड एमके२ स्क्रॅचला कंपनी ४ ग्रॅम सांगते. जुन्या शुअर एम४४-७ला १.५ ते ३ ग्रॅम. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यामुळे बाजारातल्या ‘नव्या’ सुया बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या असतात. विकत घेताना डोळे उघडे ठेवा. वजन डिजिटल काट्यावर मोजा, टोनआर्मच्या आकड्यांवर विसंबू नका. अँटिस्केट शून्यावर. कारण ते तबकडी सरळ फिरतेय असं धरून टोनआर्मला बाहेर ओढतं, आणि तुम्ही तर ती मागेपुढे करणार. सुई उडते म्हणून काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं वजन) उलटं बसवून वजन वाढवणारे पुष्कळ आहेत. सुई बसते खरी, पण खोबण आणि सुई दोन्ही झपाट्याने झिजतात आणि झिजलेली सुई पुन्हा उडायला लागते. बेबी स्क्रॅच (फेडर न हलवता तबकडी नुसती मागेपुढे) पूर्ण जोरात, अर्धा मिनिट, प्रत्येक डेकवर; सुई हलली नाही तर वजन पुरेसं आहे. जादा सुई एक नाही, दोन घ्या.

स्लिपमॅटखाली (तबकडीखालच्या घसरत्या कापडी चकतीखाली) जुन्या एलपीच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचा गोल कापून टाकला की घर्षण कमी होतं. मधलं भोक मात्र घट्ट कापा, सैल झालं तर ते एका बाजूला सरकतं. तबकडीवरची खुणेची चिकटपट्टी नव्याने लावा. ३३⅓च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा होतो. १०० बीपीएमवर (मिनिटाला ठोके) त्यात बरोबर तीन ठोके बसतात, १३३⅓वर चार. स्किपलेस बॅटल रेकॉर्डवर तोच आवाज दर १.८ सेकंदांनी पुन्हा कोरलेला असतो तो याचसाठी, सुई शेजारच्या खोबणीत गेली तरी ‘आह’ तिथेच सापडतो. खूण घड्याळाच्या बारावर आणून आवाजाची सुरुवात तिला जुळवून ठेवली की अंधारात स्क्रीनकडे बघावं लागत नाही.

लॅपटॉपचं काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. ज्या मिक्सरवर वाजवायचं आहे त्याचाच ड्रायव्हर आणि फर्मवेअर आठवडाभर आधी टाकून दोन तास सलग वाजवून बघा. त्यानंतर कार्यक्रम होईपर्यंत काहीही अपडेट करायचं नाही, ऑपरेटिंग सिस्टीम तर मुळीच नाही. झोप, स्क्रीनसेव्हर, वायफाय, ब्लूटूथ बंद. बफर (आवाज यायला लागणारा उशीर ठरवणारी सेटिंग) ५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. आवाज तुटला तर एक पायरी वाढवा, पण १०च्या पुढे गेलं की हात आणि आवाज यांच्यात फट जाणवायला लागते. सेटमधल्या प्रत्येक फाइलचे क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागांच्या खुणा) आणि बीटग्रिड (ठोक्यांची आखणी) तपासा आणि तेच फोल्डर पेनड्राइव्हवरही ठेवा.

मग आयोजकांशी बोलणं. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की मंडपवाल्याच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतली स्पीकरची भिंत येते, माणूस नाही. म्हणून काय हवं ते लेखी पाठवा: १२० बाय ६० सेंटीमीटरचं, ९० ते १०० सेंटीमीटर उंचीचं, न हलणारं टेबल; अर्थिंग असलेले तीन पिनांचे किमान सहा सॉकेट, सगळे एकाच लाइनवरून; मास्टरसाठी दोन एक्सएलआर; मंचावर तुमच्या कानाच्या उंचीला एक मॉनिटर, ज्याचा आवाज बूथ आउटपुटवरून तुमच्याच हातात राहील. टेबलाची मापं उगाच नाहीत. बॅटल मांडणीत टर्नटेबल डावीकडे काटकोनात फिरवलेले असतात. टेक्निक्स एसएल-१२०० असे ठेवले की प्रत्येकाला साधारण ३६ सेंटीमीटर, मध्ये २७ ते ३० सेंटीमीटरचा मिक्सर, म्हणजे मीटरभर जागा तिथेच गेली. शिवाय मागची बाजू डावीकडे येते, त्यामुळे उजव्या टर्नटेबलच्या तारा मिक्सर आणि टर्नटेबलच्या मधून निघतात. तिथे दोन बोटं जागा ठेवली नाही तर प्लग दाबला जातो आणि सेटमध्येच एक बाजू गुल होते. लॅपटॉपचा स्टँड मिक्सरच्या मागे, टेबलाला क्लॅम्प करून.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर वेळेचंही विचारून घ्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. आधीचे कलाकार रेंगाळले की कात्री शेवटच्या माणसावर पडते. तेव्हा ४० मिनिटांच्या सेटची १५ मिनिटांची आवृत्ती फोल्डरमध्ये तयार हवीच.

जागेवर पोचल्यावर टेबल हलवून बघा. लाकडी मंचाखाली किंवा शेजारी सबवूफर असेल तर बेस टेबलातून सुईत शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये जातो आणि घूं असा आवाज चढत जातो. टर्नटेबलखाली फरशीचा जड तुकडा आणि त्याखाली फोम, हा उपाय जुना आणि खात्रीचा. जोडणी सगळं बंद असताना करा. ग्राउंडची तार आधी, स्क्रूखाली घट्ट. ती सुटली की ५० हर्ट्झची भुणभुण ठरलेली. मग आरसीए, लाल उजवा, पांढरा डावा. मग फोनो-लाइनचा स्विच. टर्नटेबल चुकून लाइनवर राहिला तर आवाज बारीक आणि बेस नसलेला येतो, कारण सुईचे काही मिलिव्होल्ट वाढवणारा आणि बेस परत भरणारा आरआयएए टप्पा वगळला गेलेला असतो. उलट प्लेयर फोनोवर लागला तर फाटलेला कर्कश आवाज येतो. तेव्हा आधी आवाज पाडा, मग स्विच शोधा.

भुणभुण ग्राउंड लावूनही राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर अर्थचा लूप (अर्थच्या दोन वाटांतून फिरणारा करंट) चार्जरमधून आहे: सगळी यंत्रं एकाच बोर्डवर आणा, तरीही राहिली तर मास्टरच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (विजेची थेट जोडणी तोडून आवाज पुढे नेणारा डबा) टाका. साउंडवाला अर्थची पिन काढायला सुचवेल. ऐकू नका. जनरेटरवर चालणाऱ्या मंचावर तीच पिन तुम्हाला शॉकपासून वाचवते.

टाइमकोड (लॅपटॉपमधली गाणी हाताळू देणारी, संकेत कोरलेली तबकडी) वापरत असाल तर सेराटो या डीजे सॉफ्टवेअरमधलं वर्तुळ बघा: गोल आणि स्वच्छ हवं. लंबगोल झालं तर हेडशेलचे (टोनआर्मच्या टोकाला सुई बसवायच्या भागाचे) संपर्क पुसा. नुसती रेघ दिसली तर एक बाजू येतच नाही. तबकडी कोणत्या दिशेने फिरतेय हे दोन बाजूंच्या सिग्नलमधल्या फरकावरून ठरतं, तो फरकच गेला की दिशा हरवते. गाणं उलटं वाजायला लागलं तर लाल-पांढरा अदलाबदल झालाय. थ्रेशोल्ड (सॉफ्टवेअरने किती बारीक सिग्नलकडे दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) मोजताना तबकडी थांबवून सुई टेकवा आणि हॉलमध्ये खऱ्या कार्यक्रमाइतका आवाज चालू ठेवा. रिकाम्या शांत हॉलमध्ये मोजलेला आकडा गर्दीत फसतो. स्क्रॅचसाठी रिलेटिव्ह मोड (सुईची जागा नाही, तबकडीची हालचाल बघणारा) ठेवा, सुई उडाली तरी गाणं उडत नाही.

जागेवर क्लबचा चार चॅनलचा मिक्सर बसवलेला असेल आणि साउंडवाला तो काढू देत नसेल तर भांडू नका. तुमचा मास्टर त्याच्या एका लाइन चॅनलमध्ये घाला: ईक्यू मध्यावर, फेडर पूर्ण वर, आणि क्रॉसफेडर असाइन थ्रूवर (म्हणजे चॅनल क्रॉसफेडरमधून जातच नाही). हे शेवटचं विसरलं तर कुणाचा तरी कोपर त्या क्रॉसफेडरला लागतो आणि तुमचा आवाज गायब होतो. थेट कन्सोलला जात असाल तर लाइन इनपुट मागा, मायक्रोफोनचा मिळाला तर पॅड (पातळी उतरवणारा स्विच) चालू आणि मायक्रोफोनला पुरवायचे ४८ व्होल्ट बंद करायला सांगा. सगळ्यात मोठा भाग वाजवून ट्रिम (चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी) असा लावा की लाल दिवा एकदाही लागणार नाही. हात तापल्यावर आवाज आणखी चढतोच, तेवढी जागा आत्ताच सोडा. हॉलला कमी वाटलं तर कन्सोलवरून वाढवायला सांगा, मिक्सरवरून नाही.

आधीच्या डीजेचा लॅपटॉप त्याच मिक्सरवर असेल तर तो वाजवत असताना तुमची केबल दुसऱ्या यूएसबीत लावून सॉफ्टवेअर उघडून ठेवा, आणि चॅनलचा सोर्स एकेक करून बदला. पहिलं गाणं डेकवर, सुई खुणेवर, इफेक्ट बंद, फिल्टर मध्यावर, रिव्हर्स परत एकदा बघा.

संपल्यावर सुईला टोपण, टोनआर्मला कुलूप, काउंटरवेट काढून वेगळं. मिक्सर फेडरच्या बाजूने झाकून केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पावसाळ्यात चार. कोणता चॅनल खरखरला, कोणती केबल हलवावी लागली, हे त्याच रात्री कागदी चिकटपट्टीवर लिहून मिक्सरच्या पोटाला चिकटवून ठेवा. दुरुस्ती करून झाल्यावरच ती पट्टी काढायची.