गाठ वाढली की नुसती सरकली? जुने-नवे स्कॅन थ्रीडीत पाहताना

फुफ्फुसातली गाठ वाढली का, हे दोन सीटी शेजारी-शेजारी लावून डोळ्यांनी ठरवायला माझा ठाम विरोध आहे. श्वास थोडा कमी-जास्त घेतला तरी गाठ वेगळ्याच स्लाइसवर (शरीराच्या आडव्या कापाच्या चित्रावर) जाते. म्हणून मी आधी दोन्ही स्कॅन जुळवते आणि मगच थ्रीडीकडे वळते.

मी थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे, पण संशोधनासाठी. निदान रेडिओलॉजिस्टनेच करायचं. दोन्ही तारखांचे फोल्डर डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांचा फाइल प्रकार) मॉड्यूलमध्ये ओढून टाका. एकेका तपासणीत बऱ्याच सिरीज, म्हणजे स्लाइसचे वेगवेगळे संच, असतात. त्यातली 5 मिमी जाडीची नको, 1 मिमीच्या आसपासची घ्या. 8 मिमीची गाठ जाड स्लाइसमध्ये जेमतेम एक-दोनदा दिसते. एक स्कॅन काँट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढलेला) आणि दुसरा साधा, अशी जोडीही टाळा.

आता रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांवर जुळवणं. खरी मेहनत इथेच आहे. जुना स्कॅन फिक्स्ड (स्थिर), नवा मूव्हिंग (सरकणारा) ठेवा आणि फक्त रिजिड पर्याय निवडा. त्यात प्रतिमा सरकते, फिरते, पण ताणली जात नाही. डिफॉर्मेबल, म्हणजे प्रतिमा ताणणाऱ्या, पर्यायात चित्र फार सुबक जुळतं, म्हणून मोह होतो. पण तो वाढलेली गाठ दाबून जुन्या गाठीएवढी करू शकतो, म्हणजे जे शोधायचं तेच पुसलं जातं. फुफ्फुस श्वासाने फुगतं, त्यामुळे अख्खी छाती जुळवू नका. गाठीभोवतीचा भाग क्रॉप करून तेवढाच जुळवा. मग एक स्कॅन दुसऱ्यावर ठेवून स्लायडर मागे-पुढे करा. गाठीजवळच्या रक्तवाहिन्यांचे फाटे जागेवर राहिले पाहिजेत. ते उडी मारत असतील तर पुढे जाऊ नका.

व्हॉल्यूम रेंडरिंगमध्ये, म्हणजे स्लाइसवरून थ्रीडी चित्र उभं करताना, दोन्ही स्कॅनना तंतोतंत तीच सेटिंग द्या. सीटीत हवा उणे 1000 आणि पाणी 0 हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक) असतं, म्हणून अशी तुलना चालते. एमआरआयला अशी ठरलेली मोजपट्टी नाही. तिथे आधी तीव्रता एका पातळीवर आणावी लागते.

रेंडरिंग नुसतं बघण्यासाठी असतं; मोजायचं असेल तर सेगमेंट एडिटरमध्ये एकच थ्रेशोल्ड (तीव्रतेची सीमा) लावून गाठ वेगळी करा आणि सेगमेंट स्टॅटिस्टिक्समधून घनफळ काढा. हे मूळ प्रतिमेवरच करा. रीसॅम्पल केलेल्या (जुळवताना नव्याने बनवलेल्या) प्रतिमेत कडा मऊ होतात. गोल गाठीचा व्यास 10 वरून 12 मिमी झाला तर फरक किरकोळ वाटतो, पण घनफळ सुमारे 73 टक्क्यांनी वाढलेलं असतं!

दोनपेक्षा जास्त स्कॅन असतील तर सीक्वेन्सेस मॉड्यूलमध्ये रांगेने लावून चालवता येतात. सरावासाठी सॅम्पल डेटामध्ये धडधडत्या हृदयाची सीटी मालिका आहे. तिथल्या फ्रेम एकाच बैठकीतल्या असतात. आपल्या स्कॅनमधलं अंतर कधी तीन महिने, कधी वर्ष असतं, आणि प्लेबॅकमध्ये मात्र सगळ्या फ्रेम सारख्याच वेगाने सरकतात. त्यामुळे वर्षभरात सावकाश झालेली वाढही झपाट्याने झाल्यासारखी दिसते. प्रत्येक फ्रेमवर तारीख ठेवा, आणि वाढीचा वेग घनफळ व दिवसांच्या आलेखावरूनच काढा.