बाळंतपणानंतरचे व्यायाम: पहिल्या दिवसापासून शेतातल्या कामापर्यंत

सातारा-सांगलीकडे बाळंतीण निदान सव्वा महिना माहेरी राहते. डिंकाचे, अळिवाचे लाडू, रोजची मालिश, कढत पाण्याची अंघोळ, पोटाला पट्टा आणि ‘उठू नको, पडून राहा’ हा घरातल्या मोठ्यांचा आग्रह. यातली विश्रांती आणि हातात मिळणारं आयतं ताट फार मोलाचं आहे. पण नुसतं पडून राहून सैल पडलेले स्नायू पुरते आवळत नाहीत, आणि पोट करकचून बांधलं म्हणून आत जात नाही. ते काम स्नायूंकडूनच करून घ्यावं लागतं, आणि त्याची सुरुवात अंथरुणावरच होते.

पुढची जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे पोटातला दाब. पोटाच्या पोकळीला वर श्वासपटल, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कणा आणि खाली पेल्विक फ्लोअर असतो. पेल्विक फ्लोअर म्हणजे पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय याच्याच आधाराने राहतात. गरोदरपणात पुढची भिंत ताणून पातळ होते आणि हा तळ सैलावतो. मग खोकला, शिंक, कुंथणं, हंडा उचलणं, श्वास रोखून उठणं यातल्या प्रत्येक वेळी वाढलेला दाब कमजोर जागी जाऊन बसतो. पुढे गेला तर पोटाच्या मधोमध उभा फुगवटा येतो, खाली गेला तर लघवी निसटते किंवा अंग खाली सरकल्यासारखं जड वाटतं. सिझर झालेल्यांनाही हे लागू आहे, कारण पोटातलं ओझं त्यांच्याही पेल्विक फ्लोअरने महिनोन्‌महिने पेललेलं असतं.

पहिले दोन-तीन दिवस

पाय लांब करून पावलं वर-खाली करा, दर जागत्या तासाला 20-25 वेळा. पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून हे करायचं. सिझर झालेल्यांनी यात अजिबात आळस करू नये.

उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालचं कोपर व वरच्या हाताचा पंजा दाबून, तोंडाने श्वास सोडत बसते व्हा. आडवं होताना हाच क्रम उलटा. टाक्यांची सर्वात जास्त ओढ होते ती सरळ उठल्याने. सिझरनंतर पहिले काही आठवडे जमिनीवरच्या गादीवर झोपू नका, पाय टेकतील एवढ्या उंचीची खाट घ्या. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरा आणि किंचित पुढे वाका.

खालचे टाके असतील तर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं ठेवल्याने सूज उतरते. खाटेखालची शेगडी ताज्या टाक्यांना सोसत नाही आणि तिचा धूर बाळाच्या छातीत जातो. कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मात्र खुशाल घ्या.

पेल्विक फ्लोअरचा व्यायाम

नॉर्मल बाळंतपणानंतर जमेल तसा एक-दोन दिवसांत सुरू करता येतो. लघवीची नळी असेल तर ती निघून लघवी नीट व्हायला लागेपर्यंत थांबा. संडासच्या जागेपर्यंत खोल फाटून टाके पडले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच करा.

बऱ्याच जणी हा व्यायाम चुकीचा करतात, म्हणून आधी स्नायू ओळखा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, दोन श्वास शांत घ्या. आता वारा सरणार आहे आणि तो अडवायचाय असं समजून मागची जागा आवळा, तोच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आतल्या आत वर खेचा. बाहेरून कुणाला काही दिसता कामा नये. नितंब घट्ट झाले, मांड्या जुळल्या, पोट बाहेर आलं किंवा श्वास अडकला, तर दुसरेच स्नायू काम करतायत. खाली जोर दिल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा, तो व्यायाम उलटा होतोय आणि त्याने नुकसानच होतं.

जमायला लागलं की 3 सेकंद आवळून धरा, मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणं हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे, ते घाईत गुंडाळू नका. असं 8 ते 10 वेळा. त्यानंतर 10 वेळा झटकन आवळून झटकन सोडा. हे झटके शिंक-खोकल्याच्या वेळी कामाला येतात. असा संच दिवसातून तीनदा करा. दर आठवड्याला एक-दोन सेकंद वाढवत 10 सेकंदांपर्यंत जा. पहिले दोन आठवडे झोपून, मग बसून, मग उभ्याने. उभ्याने कठीण जातं, कारण वरचा सगळा भार तळावर येतो. बाळाला पाजायला बसलात की एक संच, असं ठरवलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात, आठवड्यात काही झालं नाही म्हणून सोडू नका.

लघवी करताना मधेच धार अडवून बघणं स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक आहे. त्याचाच व्यायाम केला तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पोटाचे स्नायू

पहिल्या आठवड्यापासून फक्त श्वासाचा व्यायाम. गुडघे दुमडून झोपा, बोटं कंबरेच्या पुढच्या दोन हाडांच्या थोडी आत ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. तोंडाने फुंकर मारत श्वास सोडताना पेल्विक फ्लोअर आवळा आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. पुरी ताकद लावायची नाही. 5 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, 10 वेळा करा. बोटांखाली स्नायू हलका ताठ लागला पाहिजे. पोट टणक होऊन वर उचललं गेलं तर जोर जास्त होतोय.

पोटात मधोमध फट राहिलीय का, हे सव्वा महिन्याच्या आसपास तपासा. त्याच स्थितीत झोपून बोटं पायांकडे रोखून, त्यांची टोकं बेंबीवर आडव्या ओळीत ठेवा, म्हणजे फटीची रुंदी मोजता येते. डोकं आणि खांदे थोडे उचला आणि दोन्ही बाजूंच्या कडांमध्ये किती बोटं बसतात ते बघा. बेंबीच्या वर आणि खालीही पाहा. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद फट असेल, किंवा बोटं खोल जातात आणि खाली काही ताण लागत नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. बहुतेकींची फट पहिल्या आठ आठवड्यांत बरीच भरून येते. तोवर दोन्ही पाय एकदम उचलणं, सिट-अप्स, प्लँक बंद. कोणताही व्यायाम करताना पोटावर उभा फुगवटा उठला की तो तूर्त तुमच्यासाठी नाही.

श्वासाचा व्यायाम सहज जमला की एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणं, मग कंबर जमिनीला टेकवून सोडणं, मग नितंब वर उचलणं, या क्रमाने जा. प्रत्येक 10 वेळा, जोर लावताना श्वास सोडत.

पट्टा आणि मालिश

सिझरनंतर पट्ट्याने चालताना, खोकताना बरं वाटतं, म्हणून वापरायला हरकत नाही. पण तो खालून वर बांधत या, आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. जेवताना आणि झोपताना काढा. वरून खाली करकचून बांधलेली लुगड्याची पट्टी दाब थेट तळावर ढकलते. बांधल्यावर खाली जड वाटलं तर सोडून टाका.

हातापायांची, पाठीची मालिश चांगलीच. पोट रगडणं आणि ‘पिशवी जागेवर बसवायला’ जोराने दाबणं थांबवा, सिझर झालेल्यांचं तर नक्कीच.

सिझरच्या व्रणाची मालिश वेगळी. सहा आठवड्यांनी, खपली पूर्ण गेली आणि कुठेही ओल नाही, हे डॉक्टरांनी बघितल्यावर सुरू करा. थोडं खोबरेल घेऊन आधी व्रणाच्या वर-खाली, काही दिवसांनी व्रणावर, दोन बोटांनी त्वचा आडवी, उभी आणि गोल सरकवा. बोटं त्वचेवरून घसरवायची नाहीत, त्वचा बोटांबरोबर हलली पाहिजे. रोज 5 मिनिटं. आतले थर चिकटून बसले की व्रण ओढतो, ते यामुळे मोकळे होतात.

संडास, पाजणं, बाळाला उचलणं

काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. त्याने मलावरोध होतो आणि कुंथण्याने महिनाभराचा व्यायाम वाया जातो. पाणी भरपूर प्या. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, पुढे झुका, कुंथण्याऐवजी फुंकर मारा. खालचे टाके असतील तर त्यांवर स्वच्छ पॅड दाबून धरा.

पाजताना भिंतीला पाठ टेका, मांडीवर उशी घ्या आणि बाळ छातीपर्यंत आणा. तुम्ही वाकून बाळापर्यंत जाऊ लागलात की मान आणि पाठ आखडणारच. अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखत असेल, तर बाळाला बगलेत अंगठे ताणून उचलताय का ते बघा. एक हात कुल्ल्याखाली, दुसरा मान-पाठीखाली, अंगठा बोटांना चिकटलेला, असं उचललं की त्या शिरेवरचा ताण कमी होतो.

घरकाम आणि शेत

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, सिझर झालं असेल तर कटाक्षाने. चालणं मात्र सुरू ठेवा. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर 10 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. पाटण-जावळीकडच्या चढउतारांवर उतरताना छोटी पावलं टाका, सांधे अजून सैल असतात.

15 लिटरच्या हंड्यात पाण्याचंच वजन 15 किलो, भांडं वेगळं. माण-खटाव, जत-आटपाडीकडे पाणी दुरून आणावं लागतं तिथे हे काम तीन महिने दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. घरच्यांनी हे बाळंतिणीवर उपकार म्हणून करू नये, तिच्या उपचाराचाच तो भाग आहे. पुढे सुरू करताना अर्ध्या बादलीपासून. बादली दोन पायांच्या मधे, गुडघे वाकवून खाली जा, पेल्विक फ्लोअर आवळा, फुंकर सुरू करा आणि फुंकर चालू असतानाच उठा. एका हातात भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन हातांत अर्ध्या-अर्ध्या न्या. धार काढायला, धुणं धुवायला उकिडवं बसण्याऐवजी पाट किंवा उंच चौरंग घ्या.

वैरणीचा भारा, उसाच्या मोळ्या, धावणं, उड्या, हे तीन महिन्यांच्या आत नको. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत छाटणीला तासन्‌तास हात वर करून उभं राहावं लागतं, तेव्हा अधूनमधून बसा. संध्याकाळी खाली जड वाटलं किंवा लघवी निसटली, तर दुसऱ्या दिवशी काम निम्म्यावर आणा.

कुणाला कधी दाखवायचं

तासाला एक पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दम लागणं, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यात व्यायाम बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दम किंवा जास्त रक्तस्राव असेल तर 108 ला फोन करा. मन सतत उदास राहून जीव नकोसा वाटत असेल तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर बोलता येतं.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन झालं की स्वतःच्या तक्रारीही त्यांना सांगा. शिंकताना लघवी होणं, अंग बाहेर येणं, संबंधाच्या वेळी दुखणं यांवर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असं घरात म्हणतात. या तिन्हींवर उपचार आहेत. तीन महिने नीट व्यायाम करूनही त्रास राहिला, तर मिरज, कराडच्या मोठ्या रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी विभागात जा. जाताना दोन-तीन दिवसांची नोंद न्या: किती पाणी प्यायलात, किती वेळा लघवीला गेलात, कधी निसटली. आतून तपासणी करायची असेल तर तिथल्या फिजिओथेरपिस्ट आधी विचारतात, आणि तुमची तयारी नसेल तर नाही म्हणता येतं. बाहेरून तपासूनही व्यायाम शिकवता येतो.