गौरीजेवणाला २० पानं: पुरणाचा स्वयंपाक घरच्या घरी कसा उरकायचा

गौरी जेवायच्या दिवशी घरी २० पानं असतील तर पुरण आदल्या संध्याकाळीच करून ठेवा, अर्धं टेन्शन तिथेच जातं. ज्यांच्याकडे सोवळं कडक आहे त्यांनी पहाटे उठून डाळ लावावी, त्यांना पर्याय नाही, पण बाकीच्यांनी पूजेच्या सकाळी यंत्र, चाळण, गूळ असला पसारा मांडूच नये. आवाहनाच्या दिवशी बऱ्याच घरी भाजी-भाकरीचाच नैवेद्य असतो, संध्याकाळ मोकळी मिळते.

सव्वा किलो हरभरा डाळ आणि किलोभर गूळ घ्या, मध्यम आकाराच्या ४०-४५ पोळ्या आरामात होतात. डाळ २ तास भिजवा आणि ५ लिटरच्या कुकरमध्ये सगळी एकदम कोंबू नका, दोनदा लावा, हळद आणि चमचाभर तेल घालून, पाणी जरा जास्तच, कारण आमटीला कट हवाय. ४-५ शिट्ट्या पुरतात. डाळ बोटाने सहज चिरडली पाहिजे. मग चाळणीत नीट निथळा, आणि कट लगेच फ्रीजमध्ये ठेवा, भाद्रपदातल्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिला तर आंबतो.

गूळ घातला की मिश्रण एकदम पातळ होतं, घाबरू नका, जाड बुडाच्या पातेल्यात हलवत राहा. घट्ट व्हायला लागलं की त्याचे गरम थेंब उडतात म्हणून लांब दांड्याचं उलथनं घ्या, आणि तेच उलथनं मधोमध रोवल्यावर न कलंडता उभं राहिलं की गॅस बंद. वेलची, जायफळ, चिमूटभर सुंठ. पुरण गरम असतानाच यंत्रातून काढायचं, गार झालं की हात मोडून येतात नुसते.

सकाळी उठल्या उठल्या कणीक भिजवा, किलोभर कणकेत पावशेर मैदा, मीठ, हळद, आणि नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल. तेल लावून चांगली तिंबा आणि २ तास झाकून ठेवा. पुरणही तेव्हाच फ्रीजबाहेर काढा, कारण पोळी फुटते ती बहुतेक वेळा पुरण घट्ट आणि कणीक मऊ, किंवा उलटं, असं झालं की. दोन्ही सारखंच मऊ लागलं पाहिजे हाताला. पुरण घट्ट वाटलं तर दुधाचा हबका मारून मळा, सैल झालं असेल तर परत गॅसवर आटवा.

कणीक मुरतेय तोवर आमटी टाका, कट, मूठभर पुरण, चिंच, गोडा मसाला, भाजून वाटलेलं खोबरं-जिरं, वरून कढीपत्त्याची फोडणी. कांदा-लसूण नाही, नैवेद्य आहे. बटाटे अडीच किलो, मसालेभाताला किलोभर तांदूळ बास, पुरणपोळी खाल्ल्यावर भात कमीच जातो. १६ भाज्या असतील तर एकत्रच करा, वेगवेगळ्या भाज्यांचा हट्ट मला तरी पटत नाही, पानात जागाच नसते.

पोळ्यांना दोन माणसं हवीतच, एक लाटायला आणि एक भाजायला, दोन तवे. भाजलेल्या पोळ्या गरम गरम एकावर एक रचू नका, घाम सुटून चिकटतात, सुती कापडावर पसरून गार करा आणि वाढताना तुपावर परत गरम करा. कुरडया-पापड आधी तळून घट्ट डब्यात. भजी मात्र पंगत बसल्यावरच, आणि कोशिंबिरीत मीठ-दही अगदी शेवटी.

पुरण उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या गडबडीत त्याचे कडबू होतात, आणि शिळी आमटी तर ताज्यापेक्षा भारी लागते, तेवढी मुद्दाम जास्त करा.