स्टेजचं साउंड-लाइट बिघडलं? आधी या चुका टाळा

त्रिपुरी पौर्णिमा झाली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात, रोज कुठल्या ना कुठल्या देवळासमोर दशावतार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जळालेली साउंड-लाइटची मशिनं. गणपतीत डबलबारी भजनं, रत्नागिरीकडे शिमग्याला नमन, तिकडूनही तेच येतं. मशीन जुनं झालं म्हणून, हलक्यातलं घेतलं म्हणून बंद पडतं असं फार थोड्या वेळा होतं. मूळ बिघाड बारीक असतो, कार्यक्रम थांबू नये म्हणून मधल्या दहा मिनिटांत घाईघाईत कायतरी केलं जातं आणि तोच मोठा होतो. फ्यूज आणि एका रेझिस्टरचं काम पूर्ण बोर्ड बदलण्यावर जातं, आणि हे बघून आता खरंच वीट आलाय म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

फ्यूजच्या जागी तार

ही सगळ्यात वाईट. "फ्यूज उडालो रे, तार घाल आणि चालू कर, नाटक थांबाक नको." हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलंय. फ्लेक्झिबल वायरचा एक केस काढून फ्यूजच्या टोप्यांना गुंडाळायचा, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी भरायची. अरे तो फ्यूज कशासाठी उडाला ते बघितलं का कुणी?

काचेचा फ्यूज काढला की आधी उजेडात धरून बघा. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर आत सरळ शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज घातलात तर तोही जाणार. काच स्वच्छ आणि तार मधेच बारीकशी तुटलेली असेल तर लोड थोडा जास्त होता किंवा फ्यूजच थकला होता, तेव्हा त्याच नंबरचा नवीन घालून बघायला हरकत नाही. आणि फ्यूजच्या टोपीवर टी किंवा एफ असं अक्षर असतं तेही वाचा. मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करताना क्षणभर खूप करंट ओढतो, त्याला टी म्हणजे सावकाश उडणारा लागतो, तिथे एफ घातलात तर तो स्विच दाबताच जाईल, मग तुम्ही म्हणणार पाच अँपचा पुरत नाही दहाचा घालू, आणि तिथून पुढे अ‍ॅम्प्लिफायरचं वाटोळं.

माझी सवय सांगतो. फ्यूज उडालेलं कुठलंही मशीन मी सिरीज बोर्डशिवाय चालू करत नाही, मग मालक डोक्यावर उभा असला तरी चालेल. एका लाकडी पाटीवर बल्बचा होल्डर आणि प्लग सॉकेट, फेज बल्बमधून जाऊन मग सॉकेटला, एवढंच. १०० किंवा २०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब हवा, एलईडी बल्ब लावून काही कळत नाही (लावून आणतात लोक, म्हणून सांगतोय). चालू केल्यावर बल्ब चमकून लगेच मंद झाला तर कॅपॅसिटर चार्ज झाले, बहुतेक ठीक आहे. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट, पण नुकसान वाढत नाही कारण सगळा भार बल्ब घेतो. हल्लीच्या एसएमपीएसवाल्या (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सप्लाय असलेल्या) हलक्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बल्ब उघडझाप करू शकतो, पुरेसं व्होल्टेज मिळत नसल्याने सप्लाय पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतो, त्यावरून लगेच मशीन मेलं असं धरू नका.

आता तार घातल्यावर काय होतं त्याची गोष्ट. वेंगुर्ल्याच्या बाजूला एक जत्रा होती, मी नाटक बघायला गेलेलो. ट्रिकसीनवालं नाटक, त्यामुळे लाइट भरपूर. थ्री फेज जनरेटर, एका फेजवर हजार-हजार वॅटचे पार कॅन (डब्यासारखे मोठे हॅलोजन दिवे), दुसऱ्या फेजवर साउंड, एलईडी पार आणि रंगपटातले बल्ब, तिसरा रिकामा. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर हे सुरुवातीचं सगळं व्यवस्थित झालं, आख्यान रंगात आलं आणि अचानक पार कॅन लालसर पडले. त्याच वेळी रंगपटातला साधा बल्ब पांढराफटक पेटला. मी बाकावरून उठलोच. तेवढ्यात एक एलईडी पार फट्ट करून गेला, बोर्डाचा फ्यूज उडाला, लाइटवाल्या पोराने दुसरा घातला, तोही उडाला, मग त्याने वायरचे केस पिळून घातले. पुढच्या मिनिटात आणखी दोन एलईडी गेले आणि मिक्सरच्या अ‍ॅडॅप्टरमधून धूर.

माझ्या गाडीच्या डिकीत मीटर असतोच. बोर्डावर लावला तर पार कॅनच्या फेजला ९५ व्होल्ट आणि साउंडच्या फेजला ३२०. बेरीज करा, ४१५ येते, म्हणजे दोन फेजमधलं पूर्ण व्होल्टेज. न्यूट्रल सुटला होता. न्यूट्रल गेला की दोन्ही फेजवरचे लोड एकमेकांच्या सिरीजमध्ये जातात, ज्याचा लोड जड त्याला कमी व्होल्टेज आणि ज्याचा हलका त्याला जास्त, आणि साउंडचा लोड पार कॅनच्या मानाने कायम हलका. ३२० व्होल्ट एसी आत आलं की सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर साडेचारशे व्होल्ट डीसी बसतं, आणि त्या कॅपॅसिटरवर लिहिलेलं असतं ४००. फ्यूज आपलं काम करत होता! तो उडत होता म्हणून उरलेलं सामान वाचत होतं.

मेन खाली पाडला. नाटक थांबलं का? अजिबात नाही. देवळाचे दिवे महावितरणच्या लाइनवर होते, पायपेटी आणि मृदंग चालूच राहिले, नटांनी आवाज वर काढला आणि राजा तसाच बोलत राहिला. या लोकांच्या गळ्यात ती ताकद आहे, तुमच्या माइकसाठी ते अडून बसत नाहीत, त्यामुळे पंधरा मिनिटं मेन बंद ठेवायला घाबरू नका. चेंजओव्हरजवळ (लाइन-जनरेटर बदलायच्या स्विचजवळ) न्यूट्रलचा सांधा सापडला, अ‍ॅल्युमिनियमच्या वायरवर तांब्याची वायर नुसती पिळून वर टेप. टेप सोडली तर आत पांढरी पावडर आणि काळं जळकं टोक. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं असं उघडं एकत्र बांधलं की कुठेही खातं, इथे तर समुद्राची खारी हवा आहे, त्यामुळे लवकर खातं.

तेव्हा जनरेटर असो की लाइन, थ्री फेज घेतलात तर आधी फक्त पार कॅन पेटवून सगळ्या फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजा, आणि २३०-२४० च्या आसपास सारखं दिसलं तरच साउंड जोडा. न्यूट्रलचा सांधा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि स्क्रूचा, हाताने ओढून बघितलेला, आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीच नाही. एकीकडचे दिवे मंद आणि दुसरीकडचे प्रखर दिसले तर मीटर शोधत बसू नका, मेन पाडा.

हम येतो म्हणून अर्थची पिन तोडणं

लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून हूंऽऽ आवाज येतो, आणि कुणीतरी शहाणा चार्जरची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची अर्थची पिन पक्कडीने तोडून टाकतो, आवाज जातो, सगळे खूश. हे शॉर्टकट ज्यांनी पोरांना शिकवले त्यांच्यावर मला मनापासून राग आहे. भजनाची बारी गणपतीच्या दिवसांत, पाऊस चालू, जमीन ओली, बुवांचे पाय अनवाणी आणि तोंडाजवळ लोखंडी जाळीचा माइक. अर्थ तोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फेज बॉडीला लागला तर तो माइकच्या शील्डमधून (वायरवरच्या जाळीतून) थेट त्यांच्या ओठांपर्यंत जातो. हाताला झिणझिण्या येतात म्हणून कुणी सांगितलं तर ती सूचना समजा आणि तिथल्या तिथे बंद करा.

आधी आवाज ओळखायला शिका. सलग जाड हम, ५० हर्ट्झचा, तो बहुतेक वेळा दोन जागी अर्थ मिळाल्यामुळे येतो, म्हणजे लॅपटॉप स्टेजवरच्या बोर्डात आणि मिक्सर समोरच्या टेबलावर दुसऱ्याच बोर्डात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, हम गेला तर कारण सापडलं. उपाय: सगळं साउंड एकाच बोर्डावरून, आणि लॅपटॉप-कीबोर्डला डीआय बॉक्स (मिक्सरच्या आधी सिग्नलच्या वायरवर लागणारी छोटी पेटी) घेऊन त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते बटण फक्त सिग्नलचा ग्राउंड सोडवतं, जीव वाचवणारा अर्थ तसाच राहतो. आणि आवाज हमपेक्षा कर्कश, झर्रर्र असा, लाइटचा फेडर खाली-वर केला की बदलणारा असेल तर तो डिमरचा (दिवे मंद-प्रखर करणाऱ्या मशिनचा) आहे, मिक्सरला कितीही फिरवलात तरी जाणार नाही. साउंड डिमरच्या फेजवरून काढा आणि माइकची वायर पॉवर केबलला समांतर न नेता काटकोनात ओलांडा.

अर्थिंगबद्दल आणखी एक, कारण आपल्याकडे हे वेगळं आहे. सड्यावर, जांभ्याच्या कातळात एक सळी ठोकून अर्थिंग झालं असं समजू नका, कोरड्या कातळात रेझिस्टन्स खूप येतो. म्हणून ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजेच. पण जनरेटरवर चालताना त्याचा न्यूट्रल अर्थला बांधलेला आहे का ते विचारा, नसेल तर बॉडीला फेज लागूनही आरसीसीबी उडणार नाही. टेस्टचं बटण दाबल्यावर उडतो म्हणून निश्चिंत होऊ नका, ते बटण फेज आणि न्यूट्रलमधूनच करंट फिरवतं, बाहेर अर्थ आहे की नाही हे त्याला कळतच नाही.

पावसाळ्यात बंद पेटी

मे महिन्यात शेवटचा कार्यक्रम, सामान पेटीत, आणि पेटी उघडली थेट गणपतीच्या आदल्या दिवशी. आतला फोम ओला, कनेक्टर हिरवे, फेडर खरखरतात, डिमरमध्ये मुंग्यांचं वारूळ, पाल चिकटून मेलेली. मग गंज सोडवायचा तेलकट स्प्रे सगळ्या फेडरमध्ये मारतात, दोन दिवस छान चालतं आणि नंतर त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट. फेडरला फेडरचाच क्लीनर, कनेक्टरला कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा जुना ब्रश, पूर्ण सुकू द्या मगच सप्लाय. माझं सामान जून ते ऑगस्ट पेट्यांच्या बाहेर कपाटात असतं, खाली कोपऱ्यात १५ वॅटचा बल्ब कायम चालू, त्या उबेने दमट धरत नाही, आणि अधूनमधून प्रत्येक मशीन तासभर चालवून ठेवतो. कंटाळवाणं आहे. पण दुरुस्तीला द्यावं लागत नाही.

बाकीच्या, पटापट

एलईडी पार मधेच वेड्यासारखे लुकलुकतात तर लगेच फिक्स्चर खोलू नका. डीएमएक्सच्या (लाइटना हुकूम पोचवणाऱ्या) लाइनला माइकची केबल वापरलीय का बघा, दोन लाइटना चुकून एकच अ‍ॅड्रेस दिलाय का बघा, आणि शेवटच्या लाइटच्या आउटला दोन आणि तीन नंबर पिनमध्ये १२० ओमचा रेझिस्टर लावा. वायरला वाय जोड मारून दोन फाटे काढायचे नाहीत, त्यासाठी स्प्लिटर मिळतो.

हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका, बोटाचा तेलकटपणा तापून तिथेच काच फुगते.

केबल ड्रमवर गुंडाळलेली ठेवून त्यावर पार कॅन चालवू नका, आतले वेढे तापून वितळतात.

८ ओमचे चार स्पीकर एकाच चॅनेलला पॅरलल म्हणजे २ ओम. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे किती लिहिलंय ते वाचा, दुकानदार काय म्हणाला ते सोडा.

क्लिपचा लाल दिवा (आवाज फार चढून फाटतोय ही खूण) सतत पेटतोय आणि ट्वीटर जातायत, तर नवीन ट्वीटर आणण्याआधी गेन कमी करा.

मशीन बंद करून लगेच आत बोट घालू नका, एसएमपीएसच्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास राहिलेलं असतं, रेझिस्टर लावून ते उतरवा आणि मीटरने खात्री करा.

आवाज येत नसेल तर सगळं एकदम हलवायचं नाही. मिक्सरचा मीटर हलतो का? हलत असेल तर माइककडची बाजू ठीक आहे, ती बघू नका, नसेल तर स्पीकरकडची तूर्त बघू नका, मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. एका वेळी एकच वायर बदला, आणि खराब निघालेल्या वायरला तिथेच गाठ मारा, नाहीतर रात्री ती परत चांगल्यात मिसळते.

आणि दुरुस्तीला आणणार असाल तर स्क्रू सोडून, बोर्ड वेगळा करून पिशवीत भरून आणू नका. तसंच्या तसं आणा, आणि बंद पडलं तेव्हा त्यावर काय काय जोडलेलं होतं, लाइन होती की जनरेटर, वास आला का, ते एका टेपवर लिहून मशीनला चिकटवा. अर्धा दिवस तिथेच वाचतो, माझाही आणि तुमचाही.