एस्पेरांतोच्या ग्रुपवर नवीन कुणी आलं की काय करायचं (आणि काय नाही)

नवीन माणूस एस्पेरांतोच्या (मुद्दाम तयार केलेली आंतरराष्ट्रीय भाषा) ग्रुपवर येतो आणि घाबरत घाबरत एकच शब्द टाकतो, "सालुतोन". म्हणजे नमस्कार. आता यावर आपण जुनी मंडळी काय करतो त्यावर तो उद्या परत येणार की नाही ते ठरतं, आणि खरं सांगू का, आपण बऱ्याचदा माती खातो. मीही खाल्लीये. एका पोराने लिहिलं होतं "मि हावास हुन्दो", माझ्याकडे कुत्रा आहे, आणि आम्ही चौघं त्याच्यावर तुटून पडलो, 'हुन्दोन' पाहिजे, शेवटी न का लागतो, कर्म म्हणजे काय, अर्धा तास क्लास घेतला, कुत्र्याचं नाव काय हे एकानेही विचारलं नाही. पोरगा पुन्हा दिसला नाही.

तर आधी माणसाला उत्तर द्या, व्याकरण नंतर. "हो, वि हावास हुन्दोन! कियेल जि नोमिजास?" म्हणजे अरे वा, तुझ्याकडे कुत्रा आहे, नाव काय त्याचं? बरोबर रूप तुमच्या उत्तरातच येऊन गेलं ना, ज्याला पकडायचंय तो पकडेल. नाही पकडलं तर पुढच्या वेळी. एका मेसेजमध्ये एकच चूक सांगायची, तीही त्याने विचारली तर, बाकीच्या चार दिसल्या तरी गप्प बसायचं (अवघड जातं, माहितीये).

त्या शेवटच्या 'न' बद्दल विचारलंच तर कर्म-बिर्म काढू नका. सांगा की बाबा तू आलास तेव्हाच वापरलास की, सालुतोनचा शेवटचा न तोच आहे, 'मी तुला नमस्कार करतो' यातलं बाकीचं गाळून नुसता नमस्कार उरलाय, दान्कोनचं पण तसंच. मग मराठी दाखवा. मोठा कुत्रा, पण मोठ्या कुत्र्याला, विशेषण पण बदलतं, तसंच तिकडे ग्रांदा हुन्दोचं ग्रांदान हुन्दोन. पण हेही लगेच सांगा की आपण 'पुस्तक वाचतो' म्हणतो, 'पुस्तकाला वाचतो' नाही, त्यामुळे निर्जीव वस्तू आली की आपला माणूस तो 'न' हमखास विसरतो. तिकडे लिब्रोनच लागतं.

उच्चारात आपली चंगळ आहे, हे तर आवर्जून सांगा. टोपीवाला सी (ĉ) म्हणजे चहातला च, बिनटोपीचा सी म्हणजे चमच्यातला च. बास. हे दोन्ही च मराठी माणसाच्या तोंडात आयतेच बसलेले असतात. टोपीची अक्षरं मोबाइलवर सापडत नाहीत म्हणून कुणी अडलं तर त्या अक्षरानंतर एक्स टाक म्हणायचं, सगळ्यांना कळतं, कीबोर्ड नंतर बघू.

'फक्त १६ नियम आहेत, सोप्पी भाषा' हे वाक्य जरा जपून. १८८७ पासून चालत आलेली आपली जाहिरात आहे ती, नियम खरंच १६ च मांडले होते भाषा बनवणाऱ्या झामेनहॉफने, पण त्याच्या जोरावर माणूस पंधरा दिवसांत बोलायची स्वप्नं बघतो आणि जमलं नाही की स्वतःलाच ढ समजतो. त्यापेक्षा पहिल्या दिवशी 'माल' हा शब्दाचा अर्थ उलटा करणारा उपसर्ग दाखवा. बोना चांगलं, मालबोना वाईट, ग्रांदा मोठं, मालग्रांदा लहान, एक शब्द पाठ केला की दुसरा फुकट. यावर लोक जाम खूश होतात. तो ४५ शब्दांचा कोण-काय-कुठे-केव्हावाला तक्ता मात्र पहिल्या आठवड्यात अजिबात टाकू नका, तो बघून लोक पळतात.

"याचा उपयोग काय?" हे येणारच. भांडू नका, भाषणही नको. तुम्हाला काय मिळालं तेवढं सांगा, कुणाला परदेशात पत्रमित्र मिळाला असेल, कुणी पास्पोर्ता सेर्वोवरून एस्पेरांतोवाल्यांच्या घरी फुकट राहून आलं असेल. काहीच मिळालं नसेल तर मजा येते म्हणा, तेही चालतं.

एस्पेरांतोवाल्यांच्यात आपल्याच भाषेत गप्पा हाणण्याला 'क्रोकोदिली' म्हणतात, म्हणजे मगरीसारखं वागणं, आणि जुने लोक त्यावरून फार टोकतात. नव्यांना पहिला महिनाभर मगरपणा माफ करा. प्रश्न मराठीतच विचारू देत, फक्त रोजचं एक वाक्य, जेवलो, पाऊस आला, बस चुकली, असलं काहीतरी एस्पेरांतोत लिहायला लावा आणि त्याला येणाऱ्या शब्दांतच उत्तर द्या, आपली शब्दसंपत्ती मिरवायची ती जागा नाही.

आणि पुढचा कोमेन्चान्तो (नवशिका, च चमच्यातला) आला की स्वागत मागच्या महिन्यात आलेल्याला करू द्या. तो चुकेल. त्याचं सगळ्यांसमोर सुधारायला जाऊ नका, फारच राहवलं नाही तर पर्सनलवर सांगा.