बायोमेडिकल पीएचडीला अप्लाय करताय? आधी लॅब शोधा, रँकिंग नंतर बघू

बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात, रँकिंगची यादी उघडतात आणि वरून खाली खुणा करत सुटतात. आधी प्रश्न ठरवा. ‘कॅन्सरमध्ये इंटरेस्ट आहे’ एवढ्यावर भागत नाही, ट्यूमर काही महिन्यांनी औषधाला दाद देईनासा का होतो, इतपत तरी नेमकं हवं. मग पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांचा फुकट डेटाबेस) त्यावरचे गेल्या ३-४ वर्षांतले पेपर काढा आणि लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव बघा, तो शक्यतो लॅबचा पीआय, म्हणजे प्रमुख, असतो. एका ठिकाणी असे निदान तिघं सापडले तरच ते यादीत घ्या, कारण एकाच्याच भरवशावर गेलात आणि त्याच्याकडे जागा नसली की बसा बोंबलत. अमेरिकेतल्या लॅबला एनआयएचची (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) ग्रँट चालू आहे का ते एनआयएच रिपोर्टर या साइटवर फुकट दिसतं.

देशागणिक पद्धत वेगळी. अमेरिकेत बहुधा प्रोग्रामला अर्ज जातो, बॅचलर्सनंतर थेट जाता येतं, पहिल्या वर्षी २-३ लॅबमध्ये रोटेशन, म्हणजे थोडे थोडे दिवस काम, करून मग गाईड ठरतो. युरोपात बऱ्याच ठिकाणी आधी मास्टर्स लागतं आणि अर्ज ठरावीक प्रोजेक्टसाठी असतो. जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच प्रोग्रामनी काढून टाकलीय, साइटवर बघून घ्या.

आता एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध), खरा घाम इथेच निघतो. ‘लहानपणापासून विज्ञानाची ओढ’ हे वाक्य असेल तर आत्ताच खोडा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ‘मी वेस्टर्न ब्लॉट शिकले’ असं होतं (अँटिबॉडी वापरून प्रोटीन ओळखायची पद्धत, प्रोटीन पट्ट्यासारखं, म्हणजे बँड म्हणून, दिसतं), एका सीनियरने विचारलं, बरं मग, पुढे काय? तेव्हा कुठे खरी गोष्ट लिहिली, की हव्या त्या बँडच्या खाली दुसराच बँड यायचा, प्रोटीन तुटतंय की अँटिबॉडी भलतीकडे चिकटतेय कळेना, म्हणून शेजारच्या लेनमध्ये त्या प्रोटीनचा जीन नॉकआउट केलेल्या, म्हणजे बंद पाडलेल्या, पेशींचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) चालवला, वरचा बँड गेला पण खालचा तसाच, म्हणजे गडबड अँटिबॉडीची. तुम्ही डोकं कसं चालवता ते अशा चार ओळींत दिसतं, टेक्निकच्या यादीत नाही.

रेकमेंडेशन लेटरं सहसा ३ लागतात, दोन महिने आधी विचारा. ‘देता का’ नाही, ‘स्ट्राँग देऊ शकाल का’ असं विचारा, समोरचा घुटमळला की थँक्यू म्हणून दुसरीकडे वळा. मोठ्या नावाच्या प्रोफेसरपेक्षा तुम्हाला रोज बेंचवर बघणारा माणूस बरा. सीव्ही, एसओपी आणि सगळ्या तारखा एकाच मेलमध्ये पाठवा, आणि आठवण करून द्यायला लाजू नका!

अमेरिकेत डेडलाइन बऱ्याचदा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते, इंटरव्ह्यू जानेवारी-फेब्रुवारीत आणि ऑफरचं उत्तर बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत. तिथल्या पीएचडीत सहसा फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, मास्टर्सला बहुतेकदा नाही, हा हिशोब आधीच करा.

इंटरव्ह्यूत स्वतःचा प्रोजेक्ट कागद न बघता फळ्यावर काढता आला पाहिजे. आणि पीआय खोलीत नसताना तिथल्या स्टुडंट्सना विचाराच, डिग्रीला किती वर्षं लागतायत आणि मधेच लॅब कोणी का सोडली.