क्रेडिट रिपोर्टवर कोर्टाचा चुकीचा निकाल दिसला तर

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहत असाल आणि क्रेडिट रिपोर्टवर थकलेल्या देण्याबद्दलचा काउंटी कोर्टाचा निकाल, म्हणजे सीसीजे, चुकीचा दिसत असेल, तर आधी चूक नेमकी कुठली ते पाहा. दाद कुठे मागायची हे त्यावरच ठरतं. पैसे भरूनही थकबाकी दिसते? भरल्याचा पुरावा कोर्टाला पाठवा. निकालानंतर महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली असेल तर नोंद निघूनच जाते. उशिरा भरली तर ‘सॅटिस्फाइड’, म्हणजे रक्कम फेडली, असा शेरा पडतो आणि नोंद निकालापासून ६ वर्षं राहते. दुसऱ्याचाच निकाल तुमच्या नावावर आला असेल, तर एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट एजन्सींकडे रिपोर्ट तपासून लेखी तक्रार करा.

सगळ्यात वाईट वाटतं ते घर बदललेल्यांचं. कागद जुन्या पत्त्यावर जातात आणि बाजू न ऐकताच निकाल लागतो. इथे क्रेडिट एजन्सीशी भांडून उपयोग नाही. एन२४४ फॉर्म भरून निकाल रद्द करण्याची मागणी कोर्टाकडेच करा, तीही कळल्याबरोबर, कारण अर्जाला झालेला उशीर न्यायाधीश लक्षात घेतात. ‘कागद मिळालेच नाहीत’ एवढ्यावर मात्र विसंबू नका. हे देणं तुम्हाला मान्य का नाही, ते कागदपत्रांसह मांडा.